चार दारांचं घोडं

माझ्या भावाच्या मते गाडीला दोनच दारं असावीत. एक चालवणाऱ्यासाठी आणि दुसरं, त्याच्याच शब्दांत, "ज्याचा चालवणाऱ्यावर भरवसा आहे त्याच्यासाठी." हे वाक्य त्याने कुठून उचललं देव जाणे. आमच्या रविवारच्या टोळक्यात ते इतक्यांदा ऐकलंय की तो नुसतं "गाडीला" म्हणाला तरी मी भजं तोंडात टाकते आणि त्याचं संपायची वाट बघते.

टोळकं गाडीवेड्यांचं आहे. रविवारी सकाळी आम्ही जालना रोडने निघतो आणि करमाडच्या पुढे एका धाब्यावर जमतो. कुणाची जुनी जीप असते, कुणाची आजोबांच्या काळातली पण नवरीसारखी सजवलेली फियाट, कुणाची बँकेच्या हप्त्यांवरची जर्मन गाडी. दादाची दोन दारांची स्पोर्ट्स कार या सगळ्यांची राणी. माझी आपली साधी, भाजी आणायला बरी पडणारी छोटी गाडी. मी तंत्रनिकेतनात मशीन ड्रॉइंग शिकवते आणि टोळक्यात बाई मी एकटीच. सुरुवातीला माझ्यासमोर सगळे फार सभ्य वागायचे, त्याचा मला वैताग यायचा. आता कडाकडा भांडतात, तेव्हा कुठे आपलं माणूस झाल्यासारखं वाटतं.

दादाच्या त्या गाडीच्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. नाव घेतलं की लोक किंमत विचारतात आणि पुढचं ऐकत नाहीत. परदेशातली जुनी कंपनी आहे, शर्यतीच्या गाड्यांसाठी प्रसिद्ध, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिने दोन दारांच्या गाड्यांखेरीज काही केलं नाही, एवढं पुरे. वाळूजला दादाचं गिअर कापायचं वर्कशॉप आहे. पंचविशीत तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला असताना त्याने या कंपनीच्या गाडीचं चित्र कॅलेंडरमधून कापून लॉकरच्या दारावर आतून चिकटवलं होतं. गाडी आली तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. गडद निळी, बसकी, वीतभर उंचीवरून जमिनीकडे बघणारी. शहरातला प्रत्येक गतिरोधक त्याला तोंडपाठ आहे. कोणता सरळ घ्यायचा, कोणता तिरका, आणि कोणता दिसला की शेजारच्या गल्लीतून वळसा घालायचा, हे तो झोपेतही सांगेल.

या वेगाच्या वेडाचं मूळ आमच्या वडिलांच्या गोष्टींत आहे. आमची मूळची मेंढरं राखणारी जात. वडील कन्नडकडचे. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन निघायचे, घाट उतरून खानदेशात जायचे आणि चारा संपेल तसा मुक्काम हलवायचे. बरोबर एक घोडं असायचं. सगळं बिऱ्हाड त्या घोड्यावर: हंडे, वाकळा, तव्यापासून मिठापर्यंत स्वयंपाक, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि पोत्यातून डोकं बाहेर काढलेली नवी कोकरं. दादा तान्हा होता तेव्हा तोही टोपल्यात घालून त्या घोड्यावरून हिंडला आहे. एका बाजूला दादा आणि तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूला पितळेचा हंडा. आई मागून पायी. माझा जन्म मेंढरं विकून झाल्यावरचा. तोवर वडील चिकलठाण्याला एका कंपनीच्या गेटवर रखवालदार झाले होते. मी घोडं बघितलं नाही. पण "आपल्या घोड्यासारखं पळणारं घोडं अख्ख्या तालुक्यात नव्हतं," हे वडिलांच्या तोंडून दादाने आणि मी हजारदा ऐकलं. मी ऐकून सोडून दिलं. दादाने ते मनावर घेतलं.

आमच्या घरात नव्या वाहनाची एक रीत आहे. वाहन दारात आलं की आधी आई येणार. तिच्या कमरेला भंडाऱ्याची छोटी कापडी पिशवी कायम खोचलेली असते. खंडोबाची हळद ती, देवळातून आणलेली. आई वाहनाभोवती एक फेरी मारणार, मूठभर भंडारा वर उधळणार, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणणार, आणि मगच ते वाहन आपलं. वडिलांच्या सायकलीवर भंडारा पडला, माझ्या लुनावर पडला, दादाच्या पहिल्या लेथ मशीनवरही पडला. लेथ हे काही वाहन नाही, असं मी तेव्हा म्हणाले होते. "फिरतंय नव्हं?" म्हणून आईने मला गप्प केलं होतं.

निळी गाडी आली तेव्हाही भंडारा उधळून झाला. मग आई आत बसली. बसली म्हणण्यापेक्षा उतरली, विहिरीत उतरावं तशी. दादाने तिला कॉलनीतून एक फेरी मारून आणली आणि इथवर सगळं आनंदाचं होतं. पण दाराशी आल्यावर तिला बाहेरच निघता येईना. गुडघे आधीच गेलेले, सीट जमिनीला टेकलेली, धरायला काही नाही. दादाने हात दिला, मी पाठीमागून रेटा दिला, वहिनीने पाय उचलून बाहेर ठेवले, शेवटी शेजारचे दोघे धावत आले. सगळे हसत होते आणि सगळ्यांत जास्त आई हसत होती. संध्याकाळी गुडघ्यांना तेल लावता लावता ती दादाला म्हणाली, "गाडी लई झ्याक हाय. पर मी आता बसायची नाय त्यात." रागाने नाही म्हणाली. म्हणून तर ते जास्त लागलं.

तेव्हापासून दादाच्या मनात एकच गोष्ट रुतून बसली. आयुष्यभर जिची वाट बघितली ती गाडी दारात आहे, आणि जिला शेजारी बसवायचं तीच बसत नाही. देवळात जायचं तर आई माझ्या भाजीच्या गाडीतून यायची, नाहीतर रिक्षाने. दादा घरी असला तरी रिक्षाने. त्याने उपाय म्हणून काहीच करायचं सोडलं नाही. सीटवर गाद्या घातल्या, तर आईचं डोकं छपराला लागलं. उतरायला पाट ठेवला, तर पाटच उलटला. मग वर्कशॉपमध्ये त्याने बेअरिंग लावून एक सुरेख फिरती चकती तयार केली. आईने त्या चकतीवर बसायचं, तो हळूच फिरवणार, आणि आई तोंड बाहेर करून अलगद उतरणार. काम खरंच देखणं होतं, मी स्वतः हात फिरवून बघितला. आईने ते लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "मला काय लेथवर चढवतोस व्हय रं?" चकती आता आमच्या टीव्हीखाली आहे. टीव्ही छान फिरतो.

आणि अशात ती बातमी आली. त्या कंपनीने चार दारांची गाडी जाहीर केली होती. आलिशान सेडान, मागच्या सीटवर पाय पसरून बसायची सोय, मागच्या माणसाला स्वतःचा पडदा, स्वतःची थंड हवा.

त्या रविवारी धाब्यावर सुतकच होतं. सगळे मोबाइलवर एकच फोटो बघत होते आणि एकमेकांना दाखवत होते, जसा काही प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा होता. टोळक्यातले डॉक्टर दातांचे आहेत, जुन्या शहरातले, अस्सल शहागंजचे आणि मोठे बोलके. ते कळवळून म्हणाले, "अरे भाई, जिनकी दो दरवाजे की इज्जत थी उन्होंने बारात की गाडी बना डाली! अपन तो नहीं बैठते इसमें. मर जाएंगे, पण नाही बसणार." जीपवाला म्हणाला, आता पुढच्या वर्षी वर कॅरियर लावतील. कुणी म्हणालं, कंपनी विकली गेली असेल. कुणी म्हणालं, विकली नाही, म्हणून तर विकायला काढलंय सगळं. माझं मत कुणी विचारलं नाही, तरी मी दिलं: गाडी चालवून बघितल्याशिवाय तिच्या दारांवर चिडणं म्हणजे जेवण न चाखता ताटाशी भांडणं. त्यावर सगळे माझ्यावर तुटून पडले. मला बरं वाटलं.

शेवटी दादाने कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, "शर्यतीच्या घोड्यावर बिऱ्हाड लादलं यांनी."

सगळ्यांनी वाहवा केली. मी मात्र त्याच्याकडे बघत राहिले. टोपल्यात बसून हंड्याच्या तोलाने खानदेश हिंडलेला माणूस हे बोलतोय!

घरी गेल्यावर मी चहाडी केलीच. आई ओट्यापाशी स्टुलावर बसून कांदा चिरत होती. मी दादाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली आणि अगदी मनापासून विचारलं, "मग घोड्यावर काय लादावं म्हणतो त्यो?"

दादा दारातच उभा होता. जेवताना तो दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि दोन्ही वेळा पोळी मागितली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी तो आईच्या खोलीत मोजपट्टी घेऊन सापडला. आई देवळात गेली होती. ती ज्या लाकडी खुर्चीवरून कुणाच्या आधाराशिवाय उठते, त्या खुर्चीची उंची तो मोजत होता. मला बघून त्याने पट्टी खिशात घातली आणि म्हणाला, "खुर्ची डुगडुगतेय." खुर्ची जराही डुगडुगत नव्हती. रात्री शेजारच्या खोलीतून त्याचा मला मेसेज आला. कंपनीच्या नव्या गाडीचं बाजूने काढलेलं रेखाचित्र आणि खाली प्रश्न: "यावरून सीटची जमिनीपासूनची उंची निघेल का?" मी चाकाच्या मापावरून प्रमाण काढून उत्तर पाठवलं. त्याने नुसता अंगठा दाखवला. त्याच्या त्या अंगठ्याने मला किती आनंद झाला ते त्याला मी सांगितलेलं नाही.

काही महिन्यांनी कंपनीने ती गाडी दाखवायला आमच्या शहरात आणली. जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलच्या हिरवळीवर दोन दिवस उभी राहणार होती. सगळं टोळकं नटूनथटून गेलं. शोकसभेला जातोय असंच म्हणत गेलं, पण डॉक्टरांनी अत्तर लावलं होतं.

आणि मी, इतकी वर्षं गाड्यांच्या रेषा काढून-पुसून झालेली बाई, त्या हिरवळीवर वाकून वाकून बघायला लागले. अशा गाडीत काय बिघडू शकतं ते मला ठाऊक होतं. दोन दारांच्या गाडीला मागे ताणलं की ती पोट सुटल्यासारखी दिसते. इथे त्यांनी पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून लांब नेली होती, आणि छप्पर अशा उताराने मागे आणलं होतं की मागच्या माणसाच्या डोक्याला जागा राहावी पण बघणाऱ्याला ती दिसू नये. मागची दारं शोधावी लागत होती. कुणीतरी या एका रेषेवर महिनोन्‌महिने बसलं असणार, खोडलं असणार, भांडलं असणार. घरचं माणूस सोबत नेता यावं म्हणून कुणी इतका जीव लावून काम करतं, याचं मला फार कौतुक वाटलं. मी ते मोठ्याने बोललेही. यावेळी माझ्यावर कुणी तुटून पडलं नाही. जीपवाला मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि डॉक्टर गाडीभोवती फेऱ्या घालत होते. तोंडाने नावं ठेवत होते, पण हात मात्र छपरावरून फिरत होता.

इतक्यात दादा आला. आईला घेऊन, रिक्षाने.

इथे त्याच्या हातून चूक झाली, आणि ती आमच्याच घरात होऊ शकते अशी होती. आईला त्याने सांगितलं होतं, "चल, एक गाडी बघायला जाऊ." आमच्याकडे गाडी बघायला आईला कुणी नेत नाही. आईला नेतात ते गाडी घेतल्यावर, भंडाऱ्याला. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि कमरेची पिशवी भरून आणली होती. हे दादाच्या लक्षात आलं नाही आणि मला दिसलं तेव्हा उशीर झाला होता.

गाडीपाशी काळ्या कोटातली एक तरुण विक्रेती उभी होती, पुण्याहून आलेली, बोलण्यात फार गोड. आजींना नीट बघता यावं म्हणून तिने चारही दारं उघडली. आतल्या सीटा सायीच्या रंगाच्या. आईने शांतपणे एक फेरी मारली. पदर डोक्यावरून घेतला. पिशवीत हात घातला.

"आई—" दादा म्हणाला.

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

मूठ हवेत सुटली. भंडारा बॉनेटवर पडला, काचेवर पडला, उघड्या दारांतून सायीच्या रंगाच्या सीटांवर पडला, आणि थोडा विक्रेतीच्या काळ्या कोटावरही. मग गेटवरचा रखवालदार, गाडी ट्रकवरून घेऊन आलेला ड्रायव्हर आणि आमचा जीपवाला, तिघे एकदम, सवयीने ओरडले, "सदानंदाचा येळकोट!"

विक्रेती ओला रुमाल घेऊन धावली. मी किंचाळले, "ओलं लावू नका!" पण तिने पुसलंच, आणि चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटच्या शिवणीत हळद अशी पसरली की आता ती देवाच्या बापालाही निघणार नव्हती. पोरगी रडायच्या बेताला आली. दादा पांढराफटक. आई मात्र तृप्त चेहऱ्याने हात झटकत म्हणाली, "चल, एक फेरी मारून आण."

मी दादाकडे बघितलं. आता तो आईला सांगणार होता की ही आपली नाही, नुसती दाखवायची आहे, आणि चार लोकांत आईचा चेहरा पडणार होता. पण तो विक्रेतीकडे वळला आणि म्हणाला, "ताई, जे काही झालंय त्याची भरपाई माझ्याकडे लागली. पण आधी एक फेरी मारू द्या. माझ्या आईला बसायला जमतंय का, एवढंच मला बघायचंय." त्याच्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, पोरीने रुमाल खाली ठेवला आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

तिने अदबीने मागच्या उघड्या दाराकडे हात केला. "आजी, इथे बसा. ही सीट खास आहे, पाय लांब करता येतात."

"मागं सामान बसतंय, बाई," आई म्हणाली. "मी पुढं." आमच्या कन्नडकडच्या जीपमध्ये पुढची सीट मानाची. व्याही आला तर त्याला पुढे बसवतात. त्या परदेशी कंपनीने मागच्या सीटवर केलेला सगळा खर्च आईने एका वाक्यात सामानाच्या खात्यावर टाकला.

ती पुढच्या दाराशी गेली, आणि तेव्हा ते घडलं. या गाडीला चाकांवर हवेच्या स्प्रिंग असतात. दार उघडं असताना बटण दाबलं की चढणाऱ्याच्या सोयीसाठी अख्खी गाडी थोडी उंच होते. कागदावर मी ते वाचलं होतं. विक्रेतीने बटण दाबलं आणि ती बसकी, मस्तीखोर, शर्यतीच्या रक्ताची गाडी आईसमोर हळूच उठून उभी राहिली. घरात वडीलधारं माणूस आलं की तरणी पोरं उठतात ना, तशी. आई एक पाऊल मागे सरकली. "शिकवलेली हाय व्हय?" तिने विचारलं.

मग तिने दाराच्या चौकटीला हात लावला, वळली आणि बसली. खुर्चीवर बसावं तशी. हळदीच्या डागावर.

मी आणि विक्रेती मागे, सामानाच्या जागी. दादाने शहरातून एक मोठी फेरी मारली, इतक्या हळू की रिक्षावाले मागून हॉर्न देत होते. वाटेत सिग्नलला थांबल्यावर तो समोर बघत म्हणाला, "आई, ही अजून आपली नाय."

आईने खिडकीतून बाहेर बघितलं. "भंडारा पडलाय," ती म्हणाली. "यील."

हिरवळीवर परत आल्यावर दादा पळत तिच्या बाजूला आला, हात पुढे करून. आईने हात धरला नाही. एक पाय बाहेर ठेवला, दुसरा ठेवला, आणि उठून उभी राहिली. मग स्वतःच दार ढकलून लावलं. दादा तसाच हात पुढे करून उभा होता, आणि भर दुपारी, सगळ्या टोळक्यासमोर, दुसऱ्या हाताने डोळे पुसत होता. पुढच्या रविवारी धाब्यावर कुणी चार दारांवर विनोद केला नाही.

नवी कोरी गाडी मागवता आली असती. दादाने तीच मागितली. दाखवण्याची गाडी लगेच विकत नाहीत, ती अजून गावोगाव फिरायची होती. तो थांबायला तयार झाला. दरम्यान निळी गाडी त्याने विकली. ती जीपवाल्यानेच घेतली, त्यामुळे रविवारी अजून दिसते, आणि दादा अजून तिच्या गतिरोधकांची काळजी करतो. आई अधूनमधून विचारायची, "कुठवर आलीया?" दादा मोबाइलवर बघून सांगायचा, आता नागपूर, आता इंदूर. मेंढरं कुठवर पोचली ते आधी असंच विचारत असतील.

शेवटी ती आली. शिवणीतली हळद तशीच होती. कंपनीने शेजारची सीट बदलून देतो म्हटलं होतं, पण दादाने नको म्हणून सांगितलं. आईने फेरी मारून बघितली पण पुन्हा भंडारा टाकला नाही. एकदा पडला की पडला.

पहिल्या रविवारी आम्ही धाब्याऐवजी कन्नडला निघालो, कारण आईला घाटाच्या अलीकडची मेंढरांबरोबरच्या मुक्कामाची जुनी जागा बघायची होती. डॉक्टरांना वाटेतून घ्यायचं होतं, त्यांची गाडी बिघडली होती. ते फाटकाशी उभे होते. मर जाएंगे पण बसणार नाही म्हणालेले डॉक्टर. आईला बघून त्यांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "अम्मा, मी कुठं बसू?" आईने अंगठ्याने मागची सीट दाखवली. डॉक्टर निमूट माझ्या शेजारी येऊन बसले. थोड्या वेळाने पाय लांब केले. आणखी थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "जगह अच्छी है, यार."

वेरूळ मागे पडलं, रस्ता रुंद आणि मोकळा झाला. दादा मात्र आईच्या गुडघ्यांच्या काळजीने अंडी भरलेली टोपली नेल्यासारखा चालवत होता. उसाच्या ट्रॉल्या आम्हाला मागे टाकून जात होत्या. डॉक्टर आणि मी एकमेकांकडे बघत होतो, पण बोलायची हिंमत कुणाची नव्हती.

आईच बोलली, पुढे बघत.

"तुहा बाप म्हणायचा, आपल्या घोड्यावानी पळणारं घोडं तालुक्यात नाय."

"व्हय," दादा म्हणाला. घरात तोही असंच बोलतो.

"मी कधी पळताना बघितलंच नाय त्याला. सदा लादलेलं. म्हनलं, एकदा पळवा की माझ्यासमोर. तर म्हणायचा, हंडे पडत्याल." तिने मांडीवरचं लुगडं सारखं केलं. "पुढं इकलंच ते."

दादाने वेगाच्या वेडापायी काढलेली सगळी वर्षं मला आठवली, लॉकरमधलं चित्र, निळी गाडी, आणि या सगळ्यात आईला कधी वेग हवा असेल हे आम्हा दोघांच्या मनातही आलं नव्हतं. आम्ही तिला बसता येईल एवढी उंची मोजत होतो.

"आता हंडे हायत का मागं?" आईने विचारलं.

दादाने आरशात आमच्याकडे बघितलं. "नाय. डॉक्टर हायत."

"मग पळव."

त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाने इतका वेळ घशात धरून ठेवलेला आवाज सुटला आणि गाडी रस्त्याला चिकटून जी निघाली, तिला ना धक्का ना डगमग, नुसती दोन्हीकडची शेतं मागे वाहायला लागली. डॉक्टरांनी वरचं हँडल धरलं. आईने काहीच धरलं नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते आणि ती बाजूच्या शेतांकडे नाही, रस्त्याकडेही नाही, बॉनेटकडे बघत होती, पळणाऱ्या घोड्याची मान दिसते त्या जागी. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि मी ती पुसली नाही.

पुढे टोलनाका दिसला तसा दादाने वेग कमी केला. आईने त्याच्याकडे वळून बघितलं.

"बास? एवढंच?"

"टोल हाय आई," दादा म्हणाला. "पुढं अजून रस्ता हाय."

"मग भर लौकर," ती म्हणाली, आणि पदर कमरेला घट्ट खोचून पुन्हा पुढे बघत बसली.